चिमणी घ्यायच्या आधी भिंतीतलं भोक ठरवा

दुकानात स्वयंपाकघरातली चिमणी दाखवणारा माणूस पहिला आकडा सांगतो तो सक्शनचा, म्हणजे हवा ओढण्याचा. ताशी 1200 घनमीटर, 1400, 1600. आकडा खोटा नसतो. पण पुढे पाईप नाही, वळण नाही, वाऱ्याचा विरोध नाही, अशा मोकळ्या अवस्थेत मोटर जास्तीत जास्त किती हवा हलवते, एवढंच तो बहुतेक वेळा सांगतो. तेच मशीन घरी येतं, त्याला चार इंची भोक आणि माळ्यावरून दोन वळसे घेतलेला पाईप मिळतो, आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका पूर्वीसारखाच हॉलपर्यंत पोचतो. आवाज तेवढा वाढलेला असतो.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. हवा बाहेर कुठून जाणार हे आधी, तिच्या जागी आत कुठून येणार हे त्याच्यानंतर, मग हुडाची, म्हणजे शेगडीवर येणाऱ्या चिमणीच्या छत्रीची, रुंदी आणि उंची. मशीनचा आकडा सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं शहरातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे: ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर गॅसची शेगडी, एक खिडकी आणि बाजूला ड्राय बाल्कनी.

हवा किती हलवायची

टेप घेऊन खोली मोजा. लांबी 9 फूट, रुंदी 8 फूट, उंची साडेनऊ फूट धरली तर 684 घनफूट होतात. घनमीटर काढायला 35.3 ने भागायचं, म्हणजे साधारण 19.4 घनमीटर. रोजच्या भाजी-आमटी-पोळीच्या स्वयंपाकाला तासाला वीस वेळा हवा बदलली तरी चालतं. ते झाले 390 घनमीटर. रोज मासे तळले जात असतील किंवा मिरच्या-मसाले घरीच भाजले जात असतील तर तीस वेळा धरा, म्हणजे 580. थोडक्यात, अशा घरात ताशी 400 ते 600 घनमीटर हवा *खरोखर बाहेर पडली* की काम झालं. 1600 चा आकडा विकत घेऊन 300 बाहेर टाकण्यात काही अर्थ नाही.

किचन हॉलला उघडं असेल तर हा हिशोब लागू पडत नाही. हॉलचं सगळं आकारमान धरून मशीन घ्यायला गेलं तर अवाढव्य आकडा येतो. तिथे वाफ वर चढतानाच पकडणं महत्त्वाचं, म्हणून हुड शेगडीपेक्षा रुंद घ्यावा.

बाहेर जायची वाट

सहा इंची पाईपमधून ताशी 600 घनमीटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 34 किलोमीटर असतो. तेवढीच हवा चार इंची पाईपमधून काढायची तर वेग ताशी 76 किलोमीटरवर जातो. धावत्या लोकलच्या दारात तोंडावर येतो तसला वारा. पाईपच्या भिंतींशी होणारं घर्षण साधारण साडेसात पट होतं. मोटर एवढा जोर लावू शकत नाही, म्हणून हवा कमी होते आणि घरघर वाढते. पूर्वीच्या एक्झॉस्टचं किंवा बिल्डरने ठेवलेलं चार इंची भोक आहे म्हणून त्यात रिड्युसर, म्हणजे मोठा पाईप लहान करणारा जोड, लावून पाईप कोंबणं, ही चिमणी फसण्याची सगळ्यात मोठी वाट. मशीनचं तोंड सहा इंची असेल तर बाहेरच्या टोकापर्यंत सहा इंचीच राहिलं पाहिजे.

भोक कुठे? शेगडीच्या मागची भिंत बाहेरची असेल तर नशीब. मशीनच्या डोक्यावरून सरळ मागे, एक वळण, फूटभर पाईप, संपलं. बहुतेक फ्लॅटमध्ये शेगडी आतल्या भिंतीला असते आणि पाईप कपाटांच्या वरून खिडकीकडे न्यावा लागतो. दोन मीटरपर्यंत चालतं, तीनच्या पुढे जाऊ देऊ नका. प्रत्येक काटकोनी वळण हे जवळपास दीड-दोन मीटर सरळ पाईप वाढवल्यासारखंच असतं. जागा असेल तिथे एका काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन घ्या, मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवून.

बिल्डिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे ज्या उभ्या पोकळीत संडास-बाथरूमचे पाईप उतरतात तिथे, चिमणीचं तोंड सोडायचा मोह होतो, कारण ती भिंत जवळ असते. करू नये. ती हवा डक्टमध्येच वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या झरोक्यातून आत जाते. खालच्या मजल्यावरचा सुका बोंबील वरच्यांच्या बाथरूममध्ये दरवळू लागला की पुढची सोसायटीची मीटिंग कशावर होणार हे सांगायला नको.

बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि बांधकाम कोणत्या पद्धतीचं आहे तेही विचारा. मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या, टॉवरमध्ये भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि भार उचलणाऱ्या असतात. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय कोर कटिंगचं, म्हणजे गोल भोक कापायचं, मशीन लावू देऊ नये. विटांची किंवा एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत असेल तर अडचण नाही, पण बीमपासून लांब राहा आणि भिंतीतून गेलेली वायर व पाण्याची लाईन आधी शोधा.

भिंत शक्य नसेल तर खिडकीची एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा किंवा ॲक्रिलिकचा पत्रा बसवतात आणि त्याला भोक पाडतात. आपल्याकडे बऱ्याच चिमण्या अशाच लागतात, आणि उपाय वाईट नाही. फक्त दोन गोष्टी बघा. सरकत्या खिडकीत ती काच कायमची अडकते, दुसरी सरकते की नाही ते पाहा. आणि पाईपच्या तोंडाला लागूनच खिडकी उघडी राहिली तर बाहेर टाकलेला धूर वळून तिथूनच आत येतो. तेव्हा पाईप वरच्या कोपऱ्यात घ्या आणि चिमणी चालू असताना दुसऱ्या टोकाची किंवा ड्राय बाल्कनीची खिडकी उघडा.

आत यायची वाट

हा भाग जवळजवळ कोणी सांगत नाही. एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. ताशी 600 घनमीटर म्हणजे तासाला सातशे किलोंहून जास्त हवा घरातून बाहेर जाते. तेवढीच कुठून तरी आत आली पाहिजे. येऊ दिली नाही तर चिमणी फिरते, गरगरते, पण बाहेर काही टाकत नाही. फूट बाय फूट एवढी फट पुरते, त्याहून थोडी मोठी असेल तर उत्तम. ती शेगडीच्या समोरच्या बाजूला असावी, म्हणजे हवा खोली ओलांडून शेगडीकडे येते. शेगडीच्या अगदी बाजूची खिडकी उघडली तर वाऱ्याचा झोत धूर हुडाखालून उडवून नेतो, ज्योतही हलते. सिलिंग फॅनचंही तेच. तळण चालू असताना तो बंद ठेवा, उकडलं तरी.

इथे एक धोका आहे आणि तो चिमणीच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत कुठेतरी लपलेला असतो. ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये गॅस गीझर असेल आणि दारं-खिडक्या बंद असतील, तर चिमणी घरात कमी दाब तयार करते आणि गीझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गीझर आणि चिमणी एकाच वेळी चालवायची तर खिडकी उघडी हवीच. गीझर बाथरूमच्या आतच असेल तर चिमणीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी तो तिथून हलवा.

कोणतं मशीन

रुंदी शेगडीएवढी किंवा जास्त. दोन बर्नरला 60 सेंटिमीटर, चार बर्नरला 90. तीन बर्नरची शेगडी 70 सेंटिमीटरच्या आसपास असते, तेव्हा 60 चा हुड दोन्ही बाजूंना तोकडा पडतो. जागा असेल तर 75 किंवा 90 घ्या.

फिल्टरमध्ये आपल्या स्वयंपाकाला बॅफल सगळ्यात सोयीचा: स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या, हवा वळते आणि तेल पट्टीवर आपटून खाली गळतं. जाळीचा फिल्टर स्वस्त, पण तळणाच्या घरात दोन आठवड्यांत चिकटून बसतो. फिल्टरलेस मशीनमध्ये हवेला अडथळा कमी असतो, मात्र तेल सरळ पंख्याच्या पात्यांवर बसतं आणि पातं असमान जड झालं की थरथर सुरू होते. 'ऑटो क्लीन' म्हणजे आतला हीटर तेल पातळ करून खालच्या कपात उतरवतो. काम हलकं होतं, संपत नाही. कप रिकामा करायला विसरलात तर ते तेल एक दिवस भाजीत पडतं.

पाईपशिवाय चालणारं, कोळशाचा फिल्टर असलेलं मशीन शेवटचा पर्याय समजा. ते तेल आणि थोडा वास अडवतं. वाफ, उष्णता आणि ज्वलनाचे वायू तसेच घरात परत सोडतं. कोळसा काही महिन्यांत भरतो आणि तो धुऊन उपयोग नसतो, बदलावाच लागतो.

भाड्याचं घर असेल, चिमणी बसवायची मुभा नसेल, तर साधा एक्झॉस्ट पंखा कमी समजू नका. नऊ इंची पंखा शेगडीच्या वर, छताजवळ, बाहेरच्या भिंतीत बसवला आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली तर वाफ आणि उष्णता झपाट्याने जाते. तेल मात्र अडत नाही, पात्यांवर आणि बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ येतात. आणि हा पंखा पाईपला जोडायचा नाही. त्याची पाती हवा ढकलतात, पण समोर विरोध आला की लगेच हार मानतात. पाईपमधून हवा रेटायला चिमणीतला ब्लोअरच लागतो. पंखा उघड्या खिडकीच्या बरोबर वर लावणंही व्यर्थ: खिडकीतून आत आलेली हवा सरळ वर जाऊन पंख्यातून बाहेर पडते, शेगडीवरचा धूर जागच्या जागी.

उंचीचा हिशोब

हुडाची खालची कड बर्नरपासून 65 ते 75 सेंटिमीटरवर असावी. नेमका आकडा माहितीपुस्तकात दिलेला असतो आणि तोच पाळायचा. मोजायचं *बर्नरवर भांडं टेकतं तिथून*, ओट्यापासून नाही. इथे हमखास चूक होते. ओटा 34 इंच म्हणजे 86 सेंटिमीटर, शेगडी 10 सेंटिमीटर, वर 70 सेंटिमीटर मोकळं. एकूण 166. म्हणजे हुडाची कड जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आतबाहेर येते. स्वयंपाक करणारी व्यक्ती पाच फूट सात इंच असेल तर पहिल्याच आठवड्यात कपाळाला कड लागते. तिरका हुड घ्या किंवा मुभेत असलेली कमाल उंची ठेवा. लावणाऱ्याला बोलावण्याआधी रोज जी व्यक्ती शेगडीपुढे उभी राहते तिला उभं करून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. उंची 65 च्या खाली आणू नका, फिल्टरमधलं तेल तापतं. 80 च्या वर गेलं तर पुढच्या बर्नरची वाफ हुड चुकवून निघून जाते.

बसवताना

पहिलं, मध्यरेषा. शेगडीच्या मध्यापासून ओळंबा धरून भिंतीवर वरपर्यंत रेघ. कपाटांचा मध्य आणि शेगडीचा मध्य बऱ्याचदा जुळत नाही. अशा वेळी शेगडीचा मध्य धरा, सुतार काहीही म्हणो.

दुसरं, भोक. सहा इंची पाईपसाठी साडेसहा ते सात इंची कोर कटिंग. भोकात 160 मिलिमीटर पीव्हीसी पाईपचा तुकडा स्लीव्ह म्हणून बसवा, आतून सहा इंच मिळतात आणि भिंतीचा चुरा पाईपमध्ये येत नाही. उतार बाहेरच्या बाजूला द्या, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. आतल्या बाजूला उतार राहिला तर जुलैत पावसाचं पाणी आणि पाईपमधलं तेल एकत्र होऊन फिल्टरवर ठिबकतं.

तिसरं, ब्रॅकेट. मशीन बारा ते वीस किलोंचं असतं. टाइलवर आधी टाइलचा बिट, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून. टाइल पार झाली की मग भिंतीचा बिट. एएसी ब्लॉकमध्ये साधा छोटा प्लग महिनाभरात सैल होतो, तिथे लांब, त्या ब्लॉकसाठीचे अँकर वापरा. लेव्हलचा बुडबुडा मध्यात आला पाहिजे, नाहीतर तेल कपाऐवजी एका कोपऱ्यातून गळतं.

चौथं, पाईप. मशीनच्या तोंडात उलट हवा अडवणारी प्लॅस्टिकची झडप असते. पाईप चढवण्याआधी बोटाने उघडझाप करून बघा. वाहतुकीत ती अडकते, किंवा लावणारा स्क्रू आतपर्यंत घुसवून तिला कायमचं खिळवतो, आणि मग "चिमणी ओढतच नाही" ही तक्रार पहिल्या दिवसापासून. घड्यांचा ॲल्युमिनियम पाईप पूर्ण ताणून हवा तेवढाच कापा. उरलेला पाईप कपाटावर गुंडाळून ठेवला की प्रत्येक घडी हवेला अडवते आणि तेल साठवते. जोडावर क्लिप, क्लिपवर ॲल्युमिनियमची टेप. खोक्यांना लावायची तपकिरी टेप उष्णतेने सुटते.

पाचवं, बाहेरचं तोंड. खाली वळलेला काउल, म्हणजे पाईपच्या तोंडावरची टोपी, लावा. मुंबई-कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरचं तोंड सरळ वाऱ्याच्या तोंडी असतं. दुसरी भिंत मिळत असेल तर ती घ्या. कबुतरांसाठी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाळी. डासांची बारीक जाळी लावू नका, दोन महिन्यांत तेलाने तिचा पत्रा होतो. भिंत आणि स्लीव्ह यांच्यामधली फट बाहेरून सिलिकॉनने भरा.

सहावं, वीज. अर्थिंग असलेलं 6 अँपिअरचं थ्री-पिन सॉकेट, हुडाच्या वर आणि पाईपच्या बाजूला. पाईपच्या मागे दडवलं तर पुढे पिन काढायला सगळी चिमणी उतरवावी लागते.

लावून झाल्यावर

लावणारा फिल्टरला वर्तमानपत्र चिकटवून दाखवतो आणि निघतो. त्यावरून मोटर ओढते एवढंच कळतं. हवा बाहेर जाते का, हे कळत नाही. त्याला थांबवा आणि पुढच्या बर्नरवर पसरट पातेल्यात पाणी खळखळू द्या. मधल्या वेगावर सगळी वाफ हुडात वळली पाहिजे. मग अगरबत्ती घेऊन खिडकीच्या फटीपाशी धरा: धूर आत येत असेल तर हवेची वाट बरोबर आहे. शेवटी बाहेर जाऊन काउलखाली हात धरा. झोत ठळक जाणवला पाहिजे.

रोज वापरताना चिमणी फोडणीच्या पाच मिनिटं आधी चालू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं राहू द्या. तळण, फोडण्या, भाकरी भाजणं मागच्या बर्नरवर घ्या, तिथली वाफ हुड चुकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, खूप तापलेल्या तेलातल्या तळणाचा धूर 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवला आहे. तेलातून निळसर धूर निघेपर्यंत थांबायची सवय सोडली तर चिमणीचंही काम हलकं होतं.

गॅस गळतीचा वास आला तर चिमणीला हात लावू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, वरची चिमणी तो ओढत नाही, उलट बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण न दाबता बाहेर, आणि बाहेरून 1906 ला फोन. ओट्याखाली सिलिंडरचं कपाट असेल तर त्याच्या दाराला *खालच्या* बाजूला छिद्रं हवीत. पाईपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, त्याच्यासाठी छताजवळचा झरोका कायम उघडा लागतो. तो बुजवून तिथे कपाट करू नका.

साफसफाई आणि कुरबुरी

बॅफल दोन ते चार आठवड्यांनी. टबात कढत पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत, मग भांड्यांच्या ब्रशने. हे स्टीलसाठी. ॲल्युमिनियमची जाळी धुण्याच्या सोड्यात टाकली तर काळी पडते आणि झिजते, तिला भांड्यांचा साबणच बरा. पाईप वर्षातून एकदा, मे महिन्यात, उतरवून बघा. आत बोट फिरवल्यावर जाड चिकटा लागला तर घड्यांचा पाईप धुण्याच्या भानगडीत न पडता बदला. त्याच तेलाला आग लागते. कढईने पेट घेतलाच तर गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी अजिबात नाही.

काही तक्रारींची कारणं ठरलेली आहेत. चिमणी बंद असताना वाऱ्याबरोबर खडखड आवाज येतो: झडप आपटते आहे, काउल वाऱ्याच्या तोंडी आहे. चिमणी चालू केली की ओढ कमी आणि घरघर जास्त: कबुतराचं घरटं किंवा दुमडलेला पाईप. आणि चिमणी चालू केली की बाथरूममधून गटाराचा वास येतो, ही तक्रार प्लंबरकडे जाते, पण दोष त्याचा नसतो. दारं-खिडक्या बंद आहेत, चिमणीला हवा मिळत नाही, म्हणून ती न वापरलेल्या बाथरूमच्या सुकलेल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे पाणी साठून गटाराचा वास अडवणाऱ्या जाळीखालच्या भांड्यातून, ओढते. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि खिडकी उघडा.